जोतिबाची चैत्र यात्रा: कोणत्या दिवशी जावं, काय बघावं?

चैत्र पौर्णिमेलाच जा, आणि दुपारच्या सासनकाठ्यांची (देवाच्या मानाच्या उंच काठ्यांची) मिरवणूक अजिबात चुकवू नका. आमच्या गावची काठी दरवर्षी कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर जाते, म्हणून खात्रीने सांगतो. एवढी उंच काठी एकजण पेलतो, बाकीचे चहूबाजूंनी दोऱ्या ताणून तोल सांभाळतात. हलगीवर काठी नाचू लागली की ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’चा गजर होतो आणि अख्खं आवार गुलालाने गुलाबी होतं. संध्याकाळी जोतिबाची पालखी यमाई देवीच्या भेटीला निघते, तेव्हा पालखीवर गुलाल-खोबरं उधळतात. सध्याचं मुख्य मंदिर राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलं. काळ्या दगडावरचं कोरीवकाम मात्र त्या गर्दीत नीट बघता येत नाही. सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर यात्रा टाळून एरवी जा.