हॅम रेडिओच्या 160 मीटर बँडवर (1.8 मेगाहर्ट्झच्या आसपास) कायम एस-9, म्हणजे सिग्नल मोजणाऱ्या एस-मीटरवर बराच वरचा, गोंगाट आहे. रिसिव्हिंग लूप (फक्त ऐकण्यासाठीची तारेच्या वेटोळ्याची अँटेना) लावून फरक पडेल का? ती स्टेशनकडे कशी रोखायची?

फरक पडतो, पण लूप स्टेशनकडे रोखायची नसतेच. गोंगाट मारायला ती फिरवायची. लूपमधून आरपार बघितल्यावर समोर जे दिसतं, ते तिला ऐकू येत नाही. तिची कड ज्या दिशेला, तिकडचं सगळ्यात चांगलं येतं. म्हणजे लूपचं तोंड गोंगाटाकडे हवं. सुरुवातीला बहुतेक जण नेमकं उलटं करतात, मीही केलं होतं.

कडेच्या दिशेपासून 45 अंश सरकलात तरी सिग्नल जेमतेम 3 डीबीने (डेसिबलने) पडतो, त्यामुळे स्टेशनची फार काळजी नको. नल, म्हणजे जिकडचं ऐकू येत नाही ती दिशा, मात्र अगदी अरुंद. नलपासून 2 अंश ढळलात तर गोंगाट साधारण 29 डीबी दबलेला असतो, 10 अंशांवर फक्त 15. म्हणून हळूहळू फिरवा.

मीटरभर बाजूच्या चौकोनी लूपचा सिग्नल डायपोलपेक्षा (नेहमीच्या लांब तारेच्या अँटेनापेक्षा) खूपच कमी येणार, एस-मीटर बघून घाबरू नका. या बँडवर बाहेरचा गोंगाटच रिसीव्हरच्या स्वतःच्या आवाजापेक्षा मोठा असतो. प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं सर्किट) जोडला की भागतं. बघायचं ते सिग्नल गोंगाटाच्या वर किती येतो एवढंच.

माझ्या पहिल्या लूपला नल म्हणावा असा नव्हताच. कशीही फिरवा, गोंगाट थोडासा हलायचा, बस. वैतागून लूप काढली, कोॲक्स (लूपपासून रिसीव्हरपर्यंतची केबल) तसाच लोंबकळत ठेवला, तरी गोंगाट जवळपास तेवढाच! अँटेना कोॲक्सच झाला होता. लूपपाशी कोॲक्सचे दहाएक वेढे फेराइट रिंगवर घातले आणि पुढच्याच फेरीत एका जागी गोंगाट धपकन खाली गेला.

मर्यादाही आहेत. गोंगाट चारी बाजूंनी येत असेल तर एका नलने काही होत नाही. आकाशातून वाकून येणाऱ्या सिग्नलवर नल टिकत नाही, म्हणून तो जवळच्या उपद्रवावरच वापरायचा. शिवाय छोट्या लूपला समोरचं-मागचं कळत नाही. एकाच बाजूचं ऐकायचं असेल तर के-नाइन-ए-वाय लूप बघा: एका टोकाला फीड (रिसीव्हरकडे जाणारी जोडणी), दुसऱ्याला साधारण 400-500 ओहमचा रेझिस्टर. ती फीडच्या बाजूचं ऐकते; बेव्हरेज (जमिनीलगतची लांब तारेची अँटेना) रेझिस्टरच्या बाजूचं ऐकते, त्याच्या बरोबर उलट. आणि ट्रान्समिट करताना लूप रिलेने तोडायची सोय आधी करा, नाहीतर रिसीव्हरचं पुढचं टोक जळेल.

तार विकत घ्यायच्या आधी एक करून बघा. बॅटरीवरचा मीडियम वेव्ह ट्रान्झिस्टर 1600 किलोहर्ट्झजवळ, स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि आडवा धरून फिरवा. आतली फेराइट कांडी म्हणजे लूपच. कांडीचं टोक एका दिशेला आल्यावर खरखर बसली, तर गोंगाट त्या रेषेत आहे आणि लूप कामाला येईल. मग घराचा मेन स्विच बंद करून पुन्हा ऐका. खरखर थांबली, तर आधी घरातले चार्जर तपासा.