सायकलवरून म्हैसमाळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही जालन्याचे चौघं मित्र. सहा महिने झाले सायकल चालवतोय, रोज सकाळी २०-२५ किलोमीटर होतात पण सगळा सपाट रस्ता. आता घाट असलेला आणि जुनी गावं लागणारा रूट करायचाय. संभाजीनगरहून दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ आणि म्हैसमाळ सगळं एका दिवसात होईल का?

उत्तर : होईल, पण पहिल्याच वेळी करू नका असं मी सांगेन. हिशोब बघा, शहरातून खुलताबाद साधारण २५ किलोमीटर, तिथून डोंगरमाथ्यावरचं म्हैसमाळ अजून १२, म्हणजे जाऊन-येऊन ७५ च्या आसपास. त्यात वेरूळ घेतलं तर अंतर फक्त दहाएक किलोमीटर वाढतं, म्हणून सगळ्यांना वाटतं की एवढ्या लांब आलोय तर उरकूनच घेऊ. पण वेरूळ खुलताबादच्या खाली आहे. उतरताना पाच-दहा मिनिटात मजेत खाली जाता आणि परत येताना तीच चढण, तीही म्हैसमाळ करून थकलेल्या पायांनी आणि डोक्यावर ऊन घेऊन. मी पहिल्या वेळी हेच केलं होतं आणि त्या चार किलोमीटरमधे दोनदा उतरून सायकल ढकलली, दोन्ही पायात गोळे आले होते. तेव्हा एका रविवारी म्हैसमाळ करा आणि वेरूळ दुसऱ्या रविवारी, नीट वेळ काढून.

शहरातून उजाडायच्या आत निघा, पुढचा-मागचा लाईट लावून. नगर नाक्यावरून छावणी, पडेगाव, मिटमिटा करत पुढं गेलात की रस्ता जरा मोकळा होतो आणि शरणापूरच्या पुढं देवगिरीचा डोंगर समोर दिसायला लागतो. मला या रस्त्यावरचा हा सगळ्यात आवडता तुकडा, कारण मागून सूर्य वर येत असतो आणि किल्ल्यावर पहिलं ऊन पडतं, आधी माथ्यावर आणि मग हळूहळू चांदमिनारवर. यादवांची राजधानी, मग १३२७ ला मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं हलवली तो हाच किल्ला. किल्ला चढायचा असेल तर वेगळा दिवस काढा, सायकलचे बूट घालून त्या पायऱ्या होत नाहीत.

किल्ल्याच्या पुढं रस्ता कोटाच्या जुन्या दरवाजातून जातो. तिथं एका वेळी एकच मोठी गाडी मावते, समोरून बस आली तर बाजूला थांबा, घाई करू नका, आपण दोन चाकांवर आहोत म्हणून मधून घुसायचा मोह होतो तो टाळा. रविवारी नऊनंतर तिथं गाड्यांची रांग लागते, लवकर निघा म्हणतोय ते त्याच्यासाठीच. दरवाजातून बाहेर पडलं की घाट. फार लांब नाही पण सुरुवातीलाच जोर लावला तर वर पोहोचेपर्यंत दम जातो, बोलता येईल एवढ्याच वेगानं चढा.

दौलताबाद आणि खुलताबादच्या मधे कागजीपुरा लागतं, तिथं मात्र थांबाच. हातकागद बनवणाऱ्यांचं गाव आहे, चिंध्यांचा लगदा करून त्याचा कागद करायची ही कला तुघलकाच्या काळात इथं आली असं गावात सांगतात. माझ्या ओळखीत कितीतरी लोक वेरूळला दहा-दहा वेळा गेलेत आणि या गावावरून गाडीतून तसेच पुढं निघून गेलेत, मला त्याचं खरंच वाईट वाटतं. सायकलवर असलं की थांबणं सोपं असतं, तेवढा तरी फायदा घ्या. चार-पाच कागद घेतले तर बॅगेत वजनही होत नाही.

खुलताबादला नाश्ता करा, पोहे-चहा मिळून जातो. गावाला तटबंदी आहे, जुने दरवाजे आहेत, जिथं पाहावं तिथं दर्गे. आपलं संभाजीनगर ज्यानं १६१० मधे खडकी म्हणून वसवलं त्या मलिक अंबरची कबर इथंच आहे, औरंगजेबाची पण इथंच, आणि गावाजवळच झोपलेल्या मारुतीचं, म्हणजे भद्रा मारुतीचं मंदिर. दर्ग्यात किंवा मंदिरात जाणार असाल तर बॅगेत एक हलकी ट्रॅकपँट ठेवा, सायकलच्या तंग चड्डीवर आत जाणं बरं दिसत नाही. एक लक्षात ठेवा, श्रावणातल्या शुक्रवारी रात्री शहरातून हजारो लोक भद्रा मारुतीला पायी निघतात, त्यामुळं शनिवारी पहाटे हा रस्ता माणसांनी भरलेला असतो. त्या दिवशी सायकल घरी ठेवा आणि जमलं तर पायीच जा.

इथून पुढं म्हैसमाळचा रस्ता शांत आहे, मक्याची आणि बाजरीची शेतं, मधेच झाडी, आणि चढ-उतार असा की चढ संपला वाटतं तेवढ्यात पुन्हा सुरू होतो. माथा साधारण १०६७ मीटरवर, म्हणजे शहरापेक्षा पाचेकशे मीटर उंच. टीव्हीचा टॉवर दिसायला लागला की समजा आलंच. गिरिजामातेचं दर्शन घ्या, पॉईंटवर बसा, पावसाळ्यात ढग अंगावरून जातात.

महिना म्हणाल तर जुलै ते जानेवारी. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर, म्हणजे थकल्यावर मदत होते. मला विचाराल तर ऑक्टोबर, कारण पाऊस संपलेला, डोंगर अजून हिरवे आणि रस्त्याच्या कडंला सीताफळांच्या पाट्या. एप्रिल-मे मधे जाऊ नका, आपल्याकडचं ऊन कसं असतं ते जालनेकरांना मी काय सांगणार.

प्रश्न : माझी साधी गिअरची सायकल आहे, पुढं तीन मागं सात. म्हैसमाळ चढता येईल की रोडबाईक घ्यावी लागेल? उतारावर भीती वाटते, ब्रेक लागतील का?

उत्तर : दादा, चढायला तुमचीच सायकल जास्त बरी. पुढचं सगळ्यात लहान दातेरी चाक आणि मागचं सगळ्यात मोठं, या गिअरवर बसून आरामात चढाल, रोडबाईकवाले उभं राहून पायडल मारत असतील. फक्त गिअर चढ लागायच्या आधी बदला, जोर पडलेला असताना बदलला तर चेन उतरते.

उताराची भीती वाटते हे चांगलंच आहे. निघायच्या आदल्या दिवशी ब्रेकचे रबर बघा, त्यावरच्या खाचा झिजून गेल्या असतील तर बदला, खर्च अगदी किरकोळ. मी एकदा जुलैमधे झिजलेल्या रबरांवर उतरलो, रिम ओली होती, वळण आलं आणि ब्रेक दाबूनसुद्धा सायकल थांबेना, शेवटी कडंच्या गवतात घातली तेव्हा थांबलो. तर उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका, थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा, आणि वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात नाही. पाऊस झाला की ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती रोडवर येते, ती साबणासारखी घसरते. आणि दिवाळीच्या सुमारास शेतकरी रस्त्याच्या कडंला मका वाळत घालतात, त्यावरून चाक गेलं की पडलातच, आणि त्यांचं नुकसान होतं ते वेगळं, तेव्हा लांबून बघत चला.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी जायचं म्हणतोय, सोबत कुणी नाही. काय काळजी घ्यावी?

उत्तर : ताई, अवश्य जा. खुलताबादपर्यंत रस्ता वाहता असतो, पुढं म्हैसमाळचा रस्ता जरा सामसूम, तिथं दोघींनी एकमेकींच्या नजरेत राहायचं आणि दुपारच्या आत खाली यायचं. स्वच्छतागृह किल्ल्यापाशी आहे, तिथंच जाऊन घ्या, वर भरवसा नाही. दोन जास्तीच्या ट्यूब, छोटा पंप आणि पंक्चर काढायची सवय पाहिजे, कारण वर दुकान नाही. घरीच दोन-तीनदा चाक काढून-बसवून बघा. पाणी माणशी दोन लिटर, त्यात एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू.

प्रश्न : आम्ही बीडचे. दर वेळी संभाजीनगरचेच रूट का सांगता? आमच्याकडं डोंगर नाहीत का?

उत्तर : तक्रार एकदम मान्य. बालाघाट तुमच्या दारात आहे. पाऊस सुरू झाला की बीडहून मांजरसुंब्याच्या घाटानं कपिलधारला जा, मन्मथस्वामींची समाधी आणि त्याच्या जवळच धबधबा. हायवेवर ट्रक असतात तेवढं सांभाळा, कडंच्या पट्ट्यातून एकामागं एक चला. पाय तयार झाले की अंबाजोगाई, मुकुंदराजांच्या समाधीकडची दरी सकाळच्या धुक्यात बघा. कपिलधार करून आलात की रस्ता कसा होता, चहा कुठं चांगला मिळाला ते आम्हाला लिहून पाठवा, पुढच्या अंकात तेच छापू.