आतडे आजारी असताना प्रतिजैविके : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ४४ वर्षे असून मी अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. सहा वर्षांपासून मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या व्रणांचा आजार आहे. मेसालामिन आणि ॲझाथायोप्रिन चालू आहे आणि दीड वर्षापासून पोट शांत आहे. गेल्या आठवड्यात खालची दाढ ठणकू लागली, गाल सुजला. दंतवैद्यांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या ६२५ च्या गोळ्या दिवसातून तीन वेळा, पाच दिवसांसाठी आणि सोबत डायक्लोफेनॅक लिहून दिले. दोन वर्षांपूर्वी सर्दीसाठी मेडिकलवरून आणलेल्या अशाच गोळ्यांनंतर मला रक्त आणि आव पडू लागली होती आणि दोन महिने स्टेरॉइड घ्यावे लागले होते. त्या भीतीने पाकीट अजून उघडलेले नाही. सासूबाई म्हणतात, ‘त्या गोया गरम पडतीन, घेऊ नको.’ घरचे म्हणतात, गोळ्यांऐवजी इंजेक्शन घे, म्हणजे पोटाला त्रास होणार नाही. मी काय करावे?

उत्तर : आपले पत्र हाती येताच आपल्याला वेगळे कळवले होते, कारण सुजलेला गाल मासिकाच्या पुढच्या अंकापर्यंत थांबत नाही. इथे लिहिते आहे ते आपल्यासारख्या इतर वाचकांसाठी.

प्रथम दाढेविषयी. दाढेच्या मुळाशी पू धरला असेल तर तो बाहेर काढणे, म्हणजे रूट कॅनल करणे, चिरा देऊन पूला वाट करून देणे किंवा दाढ काढणे, हाच खरा उपचार होय. पुवाच्या पोकळीत रक्तपुरवठा नसल्यामुळे प्रतिजैविक तिथे पुरेसे पोचतच नाही. गोळ्यांनी सूज चार दिवस दबते आणि पुन्हा वर येते. मग दुसरा कोर्स, त्यानंतर तिसरा, आणि या प्रत्येक कोर्सची किंमत आपले आतडे मोजत राहते. म्हणून दंतवैद्यांना पहिला प्रश्न हा विचारावा की मुळावरचा इलाज आज किंवा उद्या करता येईल का. नुसती दाढ दुखत असेल, सूज किंवा ताप नसेल आणि दातावर लगेच उपचार होणार असतील, तर बहुतेक धडधाकट माणसांना प्रतिजैविकाची गरजच पडत नाही. आपली गोष्ट मात्र वेगळी आहे. गाल सुजलेला आहे आणि ॲझाथायोप्रिनमुळे आपली प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवलेली आहे. अशा वेळी पोटाच्या भीतीने गोळ्या टाळणे अधिक धोक्याचे ठरते. ताप आला, तोंड उघडेनासे झाले, गिळताना त्रास होऊ लागला किंवा सूज जबड्याखाली वा डोळ्याकडे सरकू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

आता कोणते प्रतिजैविक, हा प्रश्न येतो. आपल्या आतड्यात राहणारे कोट्यवधी जिवाणू निरुपद्रवी असतात, इतकेच नव्हे तर ते आपल्या कामाचे असतात. आपण न पचवू शकलेल्या चोथ्यापासून ते जी आम्ले तयार करतात, त्यांवर मोठ्या आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. प्रतिजैविक दाढेतला जंतू आणि आतड्यातला रहिवासी यांत भेद करत नाही. तरीही सगळी प्रतिजैविके आतड्याला सारखीच जड जातात असे नाही. क्लिंडामायसिन, सेफिक्झिमसारखी सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा गट यांच्याविषयी आतड्याच्या रुग्णाने अधिक सावध असावे, कारण त्यांच्यानंतर आतड्याला सूज आणणारे जुलाब लागण्याचा धोका जास्त असतो. डॉक्सिसायक्लिनमुळे हा त्रास तुलनेने कमी दिसतो. दातांच्या कामात क्लिंडामायसिन एके काळी फार सहज दिले जाई, पण अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये हृदयाच्या रुग्णांना दातांच्या उपचारापूर्वी द्यावयाच्या औषधांतून ते काढून टाकले आणि त्याचे कारण हेच होते.

आपल्या पाकिटावरचा ६२५ हा आकडा नीट पाहा. त्यात ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनेट आहे. पातळ शौचास बऱ्याच वेळा हा दुसरा घटक कारणीभूत असतो. दाढेसाठी नुसते अमॉक्सिसिलिन अनेकदा पुरते, तेव्हा ‘मला कोलायटिस आहे, साधे अमॉक्सिसिलिन चालेल का?’ असे दंतवैद्यांना विचारण्यात काहीही गैर नाही. त्यांनी विचारपूर्वक ६२५ च हवी असे सांगितले, तर ती घ्यावी आणि जेवणाचा पहिला घास घेताना घ्यावी. त्याने पोटात ढवळणे कमी होते. एक चूक मी वारंवार पाहते, ती इथे सांगून ठेवते. दुकानात ६२५ ची गोळी शिल्लक नसली की ‘३७५ च्या दोन घ्या’ असे सांगितले जाते. ३७५ मध्ये २५० आणि १२५ असे प्रमाण असते. म्हणजे दोन गोळ्यांत अमॉक्सिसिलिन ५०० भरते खरे, पण क्लॅव्ह्युलॅनेट दुप्पट होते, आणि जुलाबही त्याच मानाने वाढण्याचा संभव असतो.

पत्रातल्या ज्या औषधाची आपल्याला भीती वाटली नाही, त्याची मला अधिक काळजी वाटली. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही वेदनाशामके कोलायटिस आणि क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा असाच दुसरा आजार) यांच्या काही रुग्णांत आजार पुन्हा उसळवतात. दात, कंबर, ताप यांच्या चिठ्ठीत ती प्रतिजैविकाच्या बरोबरीने येतात आणि पुढे पोट बिघडले की दोष एकट्या प्रतिजैविकाच्या माथी जातो. दोन वर्षांपूर्वीच्या त्या सर्दीच्या पुडीत आणखी कोणत्या गोळ्या होत्या, हे आठवून पाहावे. दाढेच्या दुखण्यासाठी आपण पॅरासिटामॉल घ्यावे. यकृताचा विकार नसेल तर ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी सहा-सहा तासांनी चालते. आणि ती सर्दी विषाणूची होती, तर तिच्यावर कोणतेही प्रतिजैविक चालणारच नव्हते, हे सांगताना मला खरोखर वाईट वाटते, कारण स्टेरॉइडचे ते दोन महिने कदाचित टळले असते.

इंजेक्शनाविषयी. सुईने दिलेले औषध पोटातून जात नाही, म्हणून आतडे वाचते, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे. प्रत्यक्षात सर्रास दिल्या जाणाऱ्या सेफ्ट्रियाक्झोनचा बराच भाग यकृतातून पित्तात उतरतो आणि पित्ताबरोबर आतड्यातच येतो. ते शिरेतून दिले तरी तिथल्या जिवाणूंवर परिणाम होतोच, आणि हे औषध आतड्याला जड असणाऱ्या गटातले आहे. उलट्या होत असतील, गिळता येत नसेल किंवा जंतुसंसर्ग तीव्र असेल तर इंजेक्शन जरूर घ्यावे. पोट सांभाळण्यासाठी म्हणून घेऊ नये.

कोर्स चालू असताना दिवसातून दोन-तीन वेळा पातळ शौचास होणे, थोडा गुबारा धरणे, हे निरोगी माणसालाही होते आणि औषध थांबल्यावर सहसा निवळते. त्या दिवसांत ठेचा, शेवभाजीची तर्री आणि तेलात तळलेल्या मिरच्यांचे भरीत बाजूला ठेवून मऊ भात, मुगाची खिचडी, पिकलेले केळे आणि ताक यांवर भागवावे. दूध तेवढ्यापुरते जड जाऊ शकते. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, म्हणून तीही पोट जागेवर आल्यावरच खावी. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असताना आपल्या भागात जुलाबांनी अंगातले पाणी फार लवकर आटते. ओआरएसचे मोठे पाकीट मोजून १ लिटर पाण्यात मिसळावे, पेल्यात थोडे-थोडे टाकू नये. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून त्याच प्रकारे वापरावे. चमचा चहाचा असावा.

त्यापलीकडची एक अवस्था मात्र ओळखता आलीच पाहिजे. प्रतिजैविकांनी नेहमीचे जिवाणू विरळ झाले की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल नावाच्या जिवाणूला मोकळे रान मिळते. तो विष सोडून मोठ्या आतड्याला सूज आणतो. कोलायटिसच्या रुग्णांना त्याचा धोका इतरांहून जास्त असतो. कोर्स चालू असताना किंवा तो संपल्यानंतर काही आठवड्यांतही, दिवसातून तीनपेक्षा अधिक वेळा पाण्यासारखे शौच, पोटात मुरडा, ताप, क्वचित रक्त असे त्याचे स्वरूप असते. कोलायटिस उसळल्यावर नेमके हेच होते, त्यामुळे रुग्णाला वाटते की जुनाच आजार परत आला, आणि तो कपाटातल्या स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःहून सुरू करतो. मूळ कारण हा जिवाणू असेल तर त्यामुळे योग्य उपचार लांबतात आणि आजार बळावू शकतो. म्हणून अशा वेळी आधी शौचाची तपासणी आणि मग स्टेरॉइडचा निर्णय, हा क्रम मोडू नये. नमुना पातळ शौचाचाच द्यावा आणि तो लवकर प्रयोगशाळेत पोचवावा. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी तोवर घेऊ नये, कारण तिने विष आत कोंडले जाऊ शकते. तपासणीत हा जिवाणू निघाला तर व्हॅन्कोमायसिन तोंडाने दिले जाते, आणि इथे मात्र सुईचा उपयोग नसतो, कारण शिरेतून दिलेले व्हॅन्कोमायसिन आतड्यात उतरत नाही. या जिवाणूची बीजुके सॅनिटायझरने मरत नाहीत. घरातल्या सर्वांनी साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवावेत.

प्रोबायोटिकच्या पुड्यांविषयी आपण विचारलेले नाही, पण दुकानदार त्या सोबत देतीलच. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट असल्याने प्रतिजैविकाने मरत नाही आणि निरोगी माणसात जुलाब काहीसे टाळते. आपण ॲझाथायोप्रिन घेत आहात, म्हणून जिवंत जंतूंची कोणतीही पुडी आपल्या पोटविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. घरचे ताजे ताक पुरे.

आपल्याच आजारासाठी सल्फासालाझिन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ती गोळी फोडून तिच्यातले औषध मोकळे करण्याचे काम आतड्यातले जिवाणूच करतात, आणि प्रतिजैविकाच्या काळात ते मंदावू शकते. मेथोट्रेक्झेट घेणाऱ्यांनी को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक टाळावे. दोन्ही मिळून रक्तपेशी धोकादायक रीतीने घटू शकतात. अशी सर्व माहिती एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, आधार कार्डाच्या पाकिटात ठेवावी. आजाराचे नाव, चालू औषधे, पूर्वी कोणत्या गोळीने काय झाले, आणि ‘डायक्लोफेनॅक देऊ नये’ ही ओळ, एवढे पुरते. दंतवैद्य असोत, स्त्रीरोगतज्ज्ञ असोत की अपघात विभागातले डॉक्टर, चिठ्ठी लिहिण्यापूर्वी तो कागद त्यांच्यासमोर ठेवावा.

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून धुळ्यात एका वाहतूक कंपनीत काम करतो. डॉक्टरांनी आयबीएस सांगितले आहे. महिन्यातून एक-दोनदा पोट बिघडले की मी ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलच्या चार गोळ्या घेतो आणि बरे वाटते. हे किती वर्षे चालू ठेवता येईल?

उत्तर : आजच थांबवावे. आयबीएसमध्ये, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये, आतड्याची हालचाल आणि संवेदना बिघडलेली असते. तिथे मारायला जंतू नसतो. आपल्याला चार गोळ्यांनी बरे वाटते, कारण असा झटका दोन दिवसांत बहुधा आपोआपच ओसरतो आणि श्रेय गोळीला मिळते. ऑफ्लॉक्सॅसिनच्या गटातल्या औषधांनी टाचेवरचा स्नायूबंध दुखावू किंवा तुटू शकतो, आणि आपले काम जर सामान चढवण्या-उतरवण्याचे असेल तर हा धोका लहान नाही. ऑर्निडाझोलचा गट दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या नसांना मुंग्या येऊ शकतात. शिवाय अधूनमधून घेतलेल्या अशा कोर्सांनी आतड्यातले जंतू औषधाला दाद न देणारे बनतात आणि उद्या खरोखर विषमज्वर झाला तर हे औषध हाताशी राहत नाही. पाकिटावर जी उभी तांबडी रेघ असते, ती चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नये हे सांगण्यासाठीच असते.

आयबीएसच्या काही रुग्णांना रिफॅक्सिमिन नावाचे प्रतिजैविक दिले जाते, ते रक्तात जवळजवळ शोषले जात नाही. पण तो १४ दिवसांचा, तज्ज्ञाने ठरवलेला उपचार आहे, दर महिन्याच्या चार गोळ्या नव्हेत. झटका आला की ओआरएस, साधे जेवण आणि आपल्या डॉक्टरांनी सुचवलेले पोटदुखीवरचे औषध, एवढ्यावर दोन दिवस काढून पाहावेत.

एक गोष्ट मात्र पत्रातून कळत नाही. वजन कमी होत आहे का, रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागते का, संध्याकाळी बारीक ताप येतो का, शौचात रक्त दिसते का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर आयबीएस हे निदान पुन्हा तपासून पाहावे लागेल, कारण आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही. ऑफ्लॉक्सॅसिनचा क्षयाच्या जंतूवर अर्धवट परिणाम होतो. त्याने लक्षणे तात्पुरती दबतात आणि निदान लांबते. तपासणीला जाताना रिकामी पाकिटे आणि जुन्या चिठ्ठ्या पिशवीत घालून न्याव्यात. आजवर काय आणि किती घेतले गेले, हे डॉक्टरांना त्यांवरूनच नेमके मोजता येते.