हायड्रोमीटरवर अल्कोहोल शून्य दिसतंय, मग वाइन झालीच नाही का?

तुम्ही लिहिलंय की बुडबुडे थांबले, हायड्रोमीटर (द्रव पाण्याच्या, म्हणजे 1.000 च्या, तुलनेत किती जड ते दाखवणारी तरंगती काचनळी) 0.996 वर स्थिरावलाय आणि शेजारच्या अल्कोहोलच्या पट्टीवर शून्य दिसतंय. वाइन झालीय, आणि चांगली कोरडी, म्हणजे गोडवा न उरलेली, झालीय! ती पट्टी झालेलं अल्कोहोल दाखवतच नाही. रसात उरलेल्या साखरेपासून अजून किती होऊ शकेल, तेवढंच सांगते. साखर संपली, म्हणून शून्य.

डेअरीवर दुधाची डिग्री बघतात ना, तसंच हे. 28 डिग्री म्हणजे 1.028. दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटर जास्त बुडतो. इथे तर साखर जाते आणि पाण्याहून हलकं अल्कोहोल येतं, म्हणून आकडा 1.000 च्याही खाली उतरतो.

म्हणजे झालेलं अल्कोहोल काढायला यीस्ट घालायच्या आधीचा आकडा हवा. तो 1.090 असेल, तर 1.090 वजा 0.996 म्हणजे 0.094; त्याला 131.25 या ठरलेल्या आकड्याने गुणलं की सुमारे 12.3 टक्के अल्कोहोल.

लिहून ठेवला नसेल तर 200 मिली वाइन मोजून घ्या आणि निम्म्याहून कमी होईपर्यंत उकळा. विजेच्या शेगडीवर आणि खिडकी उघडून, कारण ती वाफ पेट घेते. गार झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर घालून पुन्हा बरोबर 200 मिली करा आणि 20 अंशांना मोजा. अल्कोहोल उडून गेलं, म्हणून आकडा चढलेला दिसेल; समजा 1.012 आला. त्यातून 0.996 गेले, राहिले 0.016, म्हणजे (इथे 131.25 चा गुणाकार नाही, वेगळा तक्ता लागतो) साधारण 12 टक्के. पण इथे 0.001 ची एक रेघ चुकली की उत्तर जवळपास एक टक्क्याने हलतं. आधीच्या पद्धतीत तीच चूक 0.13 टक्क्यावर भागते. म्हणून मला पहिलीच पसंत. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) मात्र आता वापरू नका, अल्कोहोल असलं की तो फसवतो.

मोजण्याआधी नमुना हलवून गॅस घालवा. बुडबुडे काचेला चिकटून तिला वर उचलतात.

मी इंग्लंडमध्ये असतो, इथे स्वतःपुरती वाइन घरी करायला मुभा आहे (महाराष्ट्रात परवाना लागतो, तेवढं बघा). पहिल्या वर्षी ब्लॅकबेरींवर उकळतं पाणी ओतलं आणि रस 60 अंशांवर असतानाच मोजला. एवढ्या गरम रसात आकडा 0.015 ने कमी दिसतो, हे माहीत नव्हतं. साखर कमी पडली असं वाटून आणखी ओतली. दोन टक्के जादा अल्कोहोलची ती वाइन पाहुण्यांना देताना मी अर्धाच ग्लास भरायचो.