ओपन स्पेस: बेरीज जुळली, आकाराचं काय?

प्रश्न (मखमलाबाद, नाशिक): आम्हा भावांची 1 हेक्टर 20 आर द्राक्षबाग आहे. बाग काढून विकसकाबरोबर प्लॉट पाडायचं ठरतंय. 1,500 चौरस मीटर डीपी रोडमध्ये (विकास आराखड्यातल्या रस्त्यात) जातात. उरलेल्याच्या 10 टक्के ओपन स्पेस (सगळ्यांसाठी मोकळी सोडायची जागा) त्याने दोन ठिकाणी दाखवली आहे: नाल्याकडेला 9 बाय 68 मीटरची पट्टी आणि पुढच्या कोपऱ्यात 438 चौरस मीटरचा त्रिकोण. हिशोब जुळतो. सही करावी का?

उत्तर: इतक्यात नको. हिशोब खरंच जुळतो: 12,000 वजा 1,500 म्हणजे 10,500, त्याचे 10 टक्के 1,050, आणि 612 अधिक 438 तेवढेच होतात. घोळ आकारात आहे.

राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे (2020) डीपी रोड आणि आरक्षणं वजा जाता 0.4 हेक्टर किंवा जास्त जमीन उरली, की 10 टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. ती शक्यतो एकाच जागी हवी. 0.8 हेक्टरच्या वर क्षेत्र असेल तर तुकडे करता येतात, पण एकही तुकडा 200 चौरस मीटरपेक्षा लहान चालत नाही. तुम्ही इथवर नियमात आहात. पुढची अट मात्र नकाशा चाळताना सुटते. कुठलंही माप 10 मीटरपेक्षा कमी नको, आणि सरासरी रुंदी 20 मीटरच्या आत असेल तर लांबी रुंदीच्या अडीच पटीपेक्षा जास्त नको. तुमची पट्टी 9 मीटरची, म्हणजे पहिल्याच अटीत बाद. 12 मीटर केली तरी लांबी 30 मीटरवर थांबते आणि हाती 360 चौरस मीटरच येतात. नाल्याकडेला 612 बसवायचेच असतील तर साधारण 15.7 बाय 39 मीटरचा तुकडा लागेल. त्रिकोणाचीही निमुळती टोकं 10 मीटरच्या अटीत अडकतात. नकाशा 1:500 चा असेल तर 10 मीटर म्हणजे कागदावर 2 सेंटीमीटर. शाळेची फूटपट्टी पुरते.

आमचं मत विचाराल तर 30 बाय 35 मीटरचा एकच चौकोन घ्या. क्षेत्र तेवढंच, 1,050. विकसक कुरकुर करेल, कारण नाल्याकाठची जमीन मग प्लॉटमध्ये येते, तिथं बांधकामाला नाल्यापासून अंतर सोडावं लागतं आणि ते प्लॉट लांबट ठेवावे लागतात. त्याला नाल्याकाठी ओपन स्पेस हवी असते ती यासाठीच, झाडांच्या प्रेमापोटी नाही.

नकाशा पुन्हा काढून घ्याल तेव्हा क्रम उलटा करायला सांगा. आधी मोजणी नकाशावर विहीर, जुनी झाडं, नाल्याची कड आणि जमिनीचा उतार येऊ द्या. त्यावर ओपन स्पेस ठरवा, मग रस्ते, आणि प्लॉटच्या रेषा सगळ्यात शेवटी. एरवी प्लॉट पाडून उरेल ते हिरवं रंगवलं जातं. नाल्याची कड उन्हाळ्यातल्या कोरड्या पात्रावरून धरली आहे का, तेही पाहा. काठच्या बाभळींच्या फांद्यांत अडकलेलं गवत आणि प्लास्टिक किती उंचीवर आहे त्यावरून पावसाळ्यातलं पाणी कुठवर येतं ते कळतं.

आणखी एक: सातबारा, मोजणी आणि जागेवरचं क्षेत्र यांत जे कमी भरेल तेच धरतात. मोजणीत 1 हेक्टर 17 आर निघाले तर 10,200 वर हिशोब होईल आणि ओपन स्पेस 1,020. त्यामुळे मोजणी हातात पडेपर्यंत विकसकाशी प्लॉटच्या संख्येवर करार करू नका. गुंठा आणि आर एकच धरण्याची सवयही सोडा: गुंठा 101.17 चौरस मीटर, आर 100. मोठ्या क्षेत्रात फरक दिसतो.

प्रश्न (पाथर्डी फाटा): आमच्या ले-आउटच्या ओपन स्पेसवर विकसक क्लब हाउस बांधतोय. सातबारा माझ्या नावावर आहे, जागा माझीच, असं म्हणतो.

उत्तर: सातबाऱ्यावर नाव राहिलं म्हणून ती जागा त्याला प्लॉटसारखी वापरता येत नाही. ओपन स्पेस सगळ्या प्लॉटधारकांच्या सामाईक वापरासाठीच मंजूर होते. मंजूर अंतिम ले-आउटची प्रत आणि त्यासोबतचं हमीपत्र महापालिकेच्या नगररचना विभागातून माहितीच्या अधिकारात मागवा. जागा हद्दीबाहेर असेल तर नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे जा. क.जा.प. (कमी-जास्त पत्रक, जमिनीच्या नोंदीतले बदल दाखवणारा कागद) झालं असेल तर त्यात ओपन स्पेसला स्वतंत्र क्रमांक पडलाय का, ते पाहा.

क्लब हाउसला सरसकट बंदी नाही, पण त्याला मर्यादा आहे: ओपन स्पेसच्या 15 टक्के बांधकाम, त्यातलं तळमजल्यावर 10 टक्क्यांपर्यंत. ओपन स्पेस 1,050 चौरस मीटर असेल तर तळमजला 105 आणि एकूण 157.5. पाया आखला असेल तर टेप धरून मोजा. प्रकल्प महारेरात (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात) नोंदलेला असेल तर मंजूर नकाशातल्या सामाईक जागेत बदल करायला दोन तृतीयांश प्लॉटधारकांची लेखी संमती लागते (रेरा कायदा, कलम 14). तोंडी होकारावर विसंबू नका. विकसक मीटिंगची हजेरीच संमती म्हणून दाखवतात.

प्रश्न (आनंदवली): ओपन स्पेस निळ्या पूररेषेच्या आत दाखवली तर चालते का?

उत्तर: निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकामाला बंदी आहे, बाग आणि मैदानाला नाही. पण मग तिथं पक्की कंपाउंड भिंत घालू नका. पाणी तुंबून शेजारच्या प्लॉटमध्ये घुसतं आणि ओसरताना भिंतही पाडतं. तारेचं कुंपण घाला, खेळणी पायापासून काँक्रीटमध्ये रोवा, आणि दिव्यांचा मीटर व पंपाचं स्टार्टर पूररेषेच्या बाहेर बसवा.