वॉर्डात नवीन आहात? आधी एवढं सांभाळा

सगळं एकदम शिकायला जाऊ नका. अपाय टाळायचा तर सुरुवात औषध देण्यापासून करा.

- ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारू नका. गुंगीतला रुग्ण कशालाही हो म्हणतो. पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्यालाच सांगू द्या, मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहा. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे.
- इन्सुलिनच्या डोसपुढे ‘युनिट’ पूर्ण लिहा. इंग्रजी यू घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. ५.० सुद्धा नको, टिंब दिसलं नाही तर ५० वाचलं जातं; नुसतं ५ लिहा.
- पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेत कधीच नाही. हृदय थांबू शकतं.

अ‍ॅलर्जी दर वेळी विचारा. शंका आली तर डोस थांबवा, मग विचारा. यात कमीपणा अजिबात नाही. चूक झालीच तर त्याच क्षणी वरिष्ठांना कळवा, म्हणजे उपचार वेळेत सुरू होतात.