नाव एकाचं, गुण दुसऱ्याचे

प्रश्न : आमच्या प्रशिक्षणवर्गात १८० जण आहेत. प्रत्येकाला त्याचे गुण आणि तोंडी परीक्षेची तारीख मेलने कळवायची आहे. मागच्या वेळी सगळे पत्ते ‘टू’मध्ये टाकले आणि सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसले. यंदा वर्डमध्ये मेल मर्ज (एकाच मजकुरात यादीतली नावं-गुण घालून प्रत्येकाला वेगळा मेल पाठवणं) करून पाहिलं, तर ७८.४ ऐवजी ७८.४०००००००००००००६ आणि ५ जुलैच्या जागी ७/५ असं येतंय. एक्सेलमध्ये सगळं व्यवस्थित दिसतं. शिवाय प्रत्येकाच्या मेलला त्याची स्वतंत्र गुणपत्रिका जोडता येईल का?

उत्तर : पत्ते उघडे पडण्याची काळजी सोडा. मेल मर्जमध्ये प्रत्येकाला वेगळा मेल जातो, त्यावर फक्त त्याचाच पत्ता असतो.

आता आकड्यांचं. एक्सेलच्या सेलमध्ये साठवलेली किंमत एक असते आणि आपल्याला दिसतं ते तिचं सजवलेलं रूप. वर्ड ही सजावट घेत नाही, साठवलेली किंमत उचलतो. ७८.४ हा आकडा संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत नेमका बसत नाही, म्हणून मागे ते शेपूट लागतं. तारखेत महिना आधी येतो तोही एक्सेलची सजावट वर्ड घेत नाही म्हणूनच. खरा धोका तिथेच आहे. शेपूट लगेच नजरेत भरतं, पण ७/५ वाचून कुणी ७ मे समजून बसला तर त्याची परीक्षा चुकेल.

यावर मी एकच उपाय वापरते. एक्सेलमध्ये शेजारी नवा कॉलम घ्यायचा आणि टेक्स्ट हा फॉर्म्युला लावायचा. कंसात आधी मूळ तारखेचा सेल, मग स्वल्पविराम, मग अवतरणचिन्हांत दोन डी, चार एम आणि चार वाय, मध्ये एकेक मोकळी जागा. तारीख महिन्याच्या नावासकट मजकूर होऊन बसते. गुणांसाठी अवतरणात शून्य, टिंब, शून्य. वर्डमध्ये मूळ कॉलम न घेता हे नवे कॉलम घाला. अनुक्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळत असतील तर त्यांनाही हाच उपाय लागू पडतो.

याहून मोठी चूक पडद्यावर दिसतच नाही. परीक्षा विभागात असताना मी यादी नावानुसार लावली, पण निवडला होता फक्त नावांचा कॉलम. नावं सरकली, गुण जागच्या जागी राहिले. प्रिव्ह्यूमध्ये प्रत्येक मेल निर्दोष दिसत होता. नाव होतं, गुण होते, मांडणी सुबक होती. तीन मेल गेल्यावर लक्षात आलं. नापास झालेल्या मुलीला अभिनंदनाचा मेल गेला होता, आणि तिला फोन मीच केला. तेव्हापासून सॉर्ट करण्याआधी मी सगळी यादी निवडते आणि मूळ गुणयादीशी पहिली, शेवटची आणि मधल्या दहा ओळी बोट ठेवून ताडून पाहते. तुम्हीही हे टाळू नका.

मग चाचणीसाठी पाच ओळींची वेगळी यादी करा, पत्त्याच्या रकान्यात पाचही ठिकाणी स्वतःचाच पत्ता. त्यातली एक ओळ सगळ्यात लांब नावाची आणि एक गुणांची जागा रिकामी असलेली ठेवा. हे पाच मेल मोबाइलवर उघडून वाचा.

खरी यादी पाठवताना क्लासिक आउटलुकमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रामची जुनी आवृत्ती) आधी ‘वर्क ऑफलाइन’ करा. मर्ज पूर्ण केलं की १८० मेल आउटबॉक्समध्ये थांबतील. तिथे ते बाजूच्या वाचनचौकटीत पाहा, डबल क्लिक करून उघडू नका. उघडलेला मेल पुन्हा ‘सेंड’ दाबल्याशिवाय जात नाही आणि मागे राहिल्याचं ध्यानातही येत नाही. पाहून झालं की ‘वर्क ऑफलाइन’ बंद करा, म्हणजे मेल निघतील.

गुणपत्रिकेबद्दल : वर्डच्या मेल मर्जमध्ये प्रत्येकाला वेगळी फाइल जोडण्याची सोय नाही. ‘अटॅचमेंट’ हा पर्याय दिसतो, पण तो तुमचा मर्ज केलेला मजकूरच वर्डची फाइल करून जोडतो. लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्या मोफत प्रोग्राममध्ये हाच मजकूर प्रत्येकासाठी वेगळी पीडीएफ करून पाठवता येतो. म्हणजे पत्राऐवजी गुणपत्रिकेचाच नमुना बनवून त्यात विषयवार गुणांचे रकाने घातले, तर तुमचं काम तिथे होईल. पीडीएफची सक्ती नसेल, तर विषयवार गुणांचा छोटा तक्ता मेलच्या मजकुरातच द्या. उघडायला फाइल नसली की लोक तो लगेच वाचतात.